बाहेरून कडी

खेळ बनवणाऱ्या कंपनीला पन्नाशीच्या पुढची, जन्मात कधी व्हिडिओ गेम न खेळलेली माणसं हवी होती. मी बावन्न वर्षांची, चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते आणि मोबाइलवर पत्तेसुद्धा खेळत नाही. फॉर्म भरला. त्यात नवऱ्याचं आडनाव लिहिलं, जे घटस्फोटानंतर मी फक्त बँकेत वापरते. हा खेळ बनवणारा माझा सख्खा धाकटा भाऊ आहे, हे फॉर्ममध्ये कोणी विचारलं नव्हतं. मीही आपणहून सांगितलं नाही.

मागच्या महिन्यात त्याची मुलाखत छापून आली होती. मावशीने ती लगेच मला पाठवली. तिला अशा बाबतीत कधी उशीर होत नाही. मुलाखतीत आमचे बंधुराज म्हणतात, या खेळातलं झपाटलेलं घर माझंच आहे. माझी आई विसरभोळी झाली होती. बहीण तिला खोलीत कोंडून, बाहेरून कडी लावून कामाला गेली, आणि संध्याकाळी आई जमिनीवर पडलेली सापडली.

सहा वर्षं हेच तो नातेवाइकांना मान खाली घालून सांगत होता. आता फोटोसकट सांगितलं.

खरं काय ते सांगते. आम्ही तिघं एकत्र राहायचो. तो घरूनच काम करायचा, आईच्या शेजारच्या खोलीत. आई सारखी उठून त्याच्याकडे जायची, म्हणून तिच्या दाराला बाहेरून कडी त्यानेच बसवली होती, आणि त्यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं. त्या दिवशी मी सकाळी नऊला दुकानात गेले. साडेसातला परत आले तर घरात कोणी नाही आणि आईच्या दाराला कडी. रात्री ती दवाखान्यात गेली ती गेलीच. भाऊ म्हणाला, मी तर ताईच्या मागोमाग बाहेर पडलो, मला काय ठाऊक. सगळं खापर माझ्या डोक्यावर फुटलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, मलाही नक्की आठवेना. सकाळच्या घाईत माझाच हात कडीवर गेला असेल का, हा प्रश्न मी सहा वर्षं रोज उशाशी घेऊन झोपले. तेव्हा कंपनीने बोलावलं त्या दिवशी मी खेळायला गेले नव्हते. त्याच्या लोकांसमोर त्याचं नाक कापायला गेले होते.

कंपनीतल्या एका मुलीने मला छोट्या खोलीत बसवलं. हातात खेळायचं बटणांचं यंत्र दिलं. समोर मोठा पडदा, दोन स्पीकर, एक कॅमेरा आणि भिंतीत काळी काच. तिने नियम सांगितले. "काकू, खेळताना जे मनात येईल ते मोठ्याने बोलत राहायचं. चांगलं, वाईट, काहीही. काचेपलीकडे आमची टीम आहे, आणि हा खेळ बाजारात आणणाऱ्या कंपनीच्या मॅडम आहेत. ते ऐकतील, पण मधे बोलणार नाहीत. एक तास कोणी आत येणार नाही. सगळं रेकॉर्ड होतं."

"काहीही बोललं तर चालेल?" मी विचारलं.

"तेच तर हवंय."

दिवसभर मी लोकांना भिंग बदलून विचारते, आता बरं दिसतंय की मघाशी बरं होतं. आज मला विचारणार होते. मी काचेकडे बघून छान हसले. पलीकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. ओळखलं होतं भावाने.

खेळ सुरू झाला. आणि लबाडी करायची नाही म्हणून सांगते, काय घर बनवलं होतं. दुपारची वेळ, पडदे ओढलेले, आणि त्यातून येणारा तो मळका पिवळा उजेड. फ्रिजची घरघर मधेच थांबायची, आणि थांबली की आपलाच श्वास ऐकू यायचा. फरशीचा तो एक तुकडा पाय पडला की हलायचा, तसाच हलला. मोरीतला नळ ठिबकत होता.

"घर फार सुंदर केलंय," मी मोठ्याने म्हणाले. "हे आमचंच घर आहे. बनवणारा माझा भाऊ आहे."



मग भूत आलं. स्वयंपाकघराच्या दारात उंच बाई, करकचून बांधलेला अंबाडा, चष्मा, हातात पर्स. ती मान वाकडी करून बघत होती, आणि काचांमागचे डोळे बशीएवढे. माझं भूत बनवताना त्याने नाकावरचा तीळसुद्धा सोडला नव्हता. डोक्यात तिडीक गेली.

"हे भूत म्हणजे मी," मी म्हणाले. "आणि चष्मा चुकलाय. माझा नंबर मायनसचा आहे. त्या काचेतून डोळे लहान दिसतात, मोठे नाही. अठ्ठावीस वर्षं बहीण समोर बसून जेवली, एवढं तरी बघायचं. आता कडी कोणी बसवली, ते ऐका."

भांडणासकट सगळं सांगितलं. सांगताना मी पुढे चालतच होते, बोळातून आईच्या खोलीकडे. दार बंद. बाहेरून कडी. मला वाटलं, आता माझं भूत येऊन किंकाळी फोडणार. तसं काही झालं नाही. आतून कोणीतरी दारावर ठोकलं.

हाताने नाही. धातूचा आवाज होता. टण, टण. थोडा वेळ शांत. मग परत टण, टण, आणि सरपटत गेल्यासारखा घासल्याचा आवाज.



त्या संध्याकाळी मी कडी काढली तेव्हा आईच्या मुठीत स्टीलचा पेला होता. त्याची कड चेपली होती, आणि दाराच्या आतल्या बाजूचा रंग खालपर्यंत खरवडला होता. मला बघवेना. शेजारी यायच्या आत मी तो पेला पर्समध्ये टाकला आणि दारावर टॉवेल लटकवला. पुढच्या आठवड्यात ते दार मी स्वतः रंगवलं. हे मी कोणाला म्हणजे कोणालाही सांगितलेलं नाही. मावशीला नाही, डॉक्टरला नाही, भावाला तर नाहीच. ती पेल्याने दार ठोकत होती हे जगात फक्त मला माहीत होतं. आणि त्याला, जो दाराच्या या बाजूला उभा राहून ऐकत होता.

म्हणजे तो घरातच होता. कडी त्यानेच लावली होती. माझा हात नव्हता.

सहा वर्षांचं ओझं उतरलं की माणसाला हलकं वाटत असेल. मला तसलं काही वाटलं नाही. मला त्याचा गळा धरावासा वाटला.

मी दार उघडायचं बटण दाबलं. कडी हलली नाही. पुन्हा दाबलं. आतून टण, टण. दोन पावलं मागे गेले की आवाज बारीक व्हायचा, जवळ गेले की मोठा. मी जवळ गेले, दाराला नाक लावून उभी राहिले आणि बटणांचं यंत्र मांडीवर ठेवलं. मग पेल्याची सगळी गोष्ट कॅमेऱ्याकडे बघून सांगितली, न रडता, एखाद्या गिऱ्हाइकाला नंबर समजावून सांगावा तशी.

स्पीकरमधून त्या मुलीचा बिचकलेला आवाज आला. "काकू, तुम्ही... तुम्ही हवं तर बाकीच्या घरात फिरू शकता."

"मला इथेच थांबायचंय. माझा तास आहे."

टण, टण. मी स्पीकरचा आवाज वाढवला. काच थरथरायला लागली. पाच मिनिटं गेली असतील, नसतील, मी बसले होते त्या खोलीचं दार उघडून भाऊ आत आला. केस पांढरे झाले होते त्याचे. सहा वर्षांनी समोर आला आणि पडद्याकडे पाठ करून उभा राहिला.

"ताई, पुढे जा ना," तो म्हणाला. "तू तिथून निघून गेल्याशिवाय तो आवाज थांबत नाही."

"आणि दार?"

"परत येशील तेव्हा उघडं असतं."

"मला आत्ता उघडून दे."

"आत्ता नाही उघडत. तसं बनवलंच नाहीये."

बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच ऐकू गेलं असावं. तो भिंतीला टेकला. "मला काम पूर्ण करून द्यायचं होतं त्या दिवशी, म्हणून कडी लावली," तो म्हणाला. "वाटलं, थकेल आणि झोपेल. मग सहन होईना म्हणून बाहेर गेलो. परत यायचा धीरच झाला नाही."

"आणि माझं नाव घेतलंस."

कॅमेऱ्याचा लाल दिवा चालू होता. काचेपलीकडे त्या मॅडम होत्या, त्याची टीम होती, आणि सगळ्यांनी ऐकलं होतं. खरं तर माझं काम तिथेच झालं होतं. पर्स उचलून निघता आलं असतं. पण आतून परत टण, टण झालं आणि त्याने कानावर हात नेले, तेव्हा मला कळलं की माझं पोट अजून भरलेलं नाही.

मी पायाने शेजारची खुर्ची पुढे ढकलली.

"हात खाली घे आणि बस. ती किती वेळ ठोकत होती ते तुझं तुला माहीत आहे. तेवढा वेळ बसायचं. मग उठ आणि जा."

तो बसला. माझा तास संपला. खेळून बघायला आलेल्या पुढच्या माणसाला त्यांनी बाहेर बाकावर बसवलं, मग त्याच्याही पुढच्याला. ती मुलगी दोनदा दारात येऊन परत गेली. भाऊ अजून उठला नव्हता.