पंधरा रेडिओंचा शास्त्रशुद्ध प्रयोग

रास अल खैमाच्या डोंगरातून दगड फोडून खाली आणणाऱ्या एका कंपनीच्या तीस टिप्परांत सीबी रेडिओ असावा की नसावा, हा प्रश्न दुबईच्या अल कुसैसमधल्या एका वातानुकूलित कार्यालयात उपस्थित झाला, तेव्हा त्या कार्यालयातील एकाही विद्वानाने तो रेडिओ कधी हाती धरलेला नव्हता. त्यामुळे चर्चेला आवश्यक असलेली तटस्थता आपोआपच लाभली.

रेडिओ म्हणजे चालकाच्या डोक्याशी टांगलेली एक पेटी आणि तिला वेटोळ्या तारेने जोडलेला मुठीएवढा माइक. बटण दाबून बोलावे, बटण सोडून ऐकावे. आसपासच्या चार-सहा किलोमीटरांतल्या सर्व गाड्यांना ते एकदम ऐकू जाते. वर डोंगरात क्रशर, खाली मुख्य रस्ता आणि मध्ये घाट. त्या घाटात एके ठिकाणी कडा असा पुढे आला आहे की वरून उतरणाऱ्याला खालचा दिसत नाही आणि खालून चढणाऱ्याला वरचा. तिथे मोबाइल मुका होतो. पन्नास-साठ टन दगड घेऊन उतरणारी गाडी त्या वळणावर सगळा रस्ता व्यापते आणि तिला ऐनवेळी थांबा म्हणणे म्हणजे कोसळत्या पाण्याला विनंती करण्यासारखे आहे. म्हणून उतरणारा चालक वळणाच्या अलीकडे दोनच शब्द बोलतो, ‘वळणावर भरलेली’, आणि चढणारा खालीच थांबतो. वर्षानुवर्षे हे असे चालले होते. न्यायशास्त्राने आप्तवाक्याला प्रमाण मानले आहे; डोंगरानेही मानले होते. कंपनीने अद्याप मानले नव्हते.

रेडिओंच्या परवान्याचे नूतनीकरण जवळ आले, तसे सरव्यवस्थापक विजयकुमार यांनी एका सकाळचे एक तासाचे संभाषण ध्वनिमुद्रित करवून ऐकले. त्या तासात सुरमई कशी असावी यावर अठरा मिनिटे, क्रिकेटवर वीस, कुणाच्या तरी मेहुण्याच्या लग्नावर अकरा मिनिटे खर्च झाली होती. ‘वळणावर भरलेली’ हे शब्द नऊ वेळा आले होते आणि त्यांना सगळे मिळून अर्धे मिनिटही लागले नव्हते. म्हणजे यंत्राचा नव्याण्णव टक्के उपयोग मासे, क्रिकेट आणि मेहुण्यांसाठी होत होता. असे यंत्र ठेवावे का, याचा निर्णय त्यांनी सुरक्षा अधिकारी राजन मेहेंदळे यांच्यावर सोपवला. निर्णय नीट लागला तर आखातातल्या सर्व शाखांचे सुरक्षाप्रमुखपद राजनकडे येईल, हेही त्यांनी जाता जाता सुचवले. जाता जाता सुचवलेल्या गोष्टी मनात अधिक खोल रुजतात.

राजन मूळचा पुण्याचा. दुबईतल्याच ऊद मेथ्यात पत्नी विभावरी आणि सातवीतली कन्या शुभ्रा यांच्यासह राहणारा, सज्जन, कष्टाळू आणि आकड्यांवाचून कशावरही विश्वास न ठेवणारा. कुणी त्याला ‘आज उकडतंय’ म्हटले, तर तो आधी तापमान पाही आणि मग घाम पुसत असे. चालकांची मते विचारणे त्याला अशास्त्रीय वाटले, कारण ज्याचा जीव गुंतलेला आहे त्याचे मत निर्मळ कसे असणार? त्याने प्रयोग मांडला. सम क्रमांकाच्या पंधरा गाड्यांत रेडिओ राहील, विषम क्रमांकाच्या पंधरांतून काढला जाईल. तीन महिने दोन्ही गटांतील अपघात मोजले जातील. बाकी सर्व परिस्थिती समान.

हे परिपत्रक त्याने कंपनीच्या आवारात हिंदीतून वाचून दाखवले. ऐकणाऱ्यांत श्रीवर्धनचा अन्वर मुकादम होता. बावीस वर्षे तो तो घाट उतरत होता आणि चालकांत त्याच्या शब्दाला वजन होते. त्याने मराठीतून एकच प्रश्न विचारला.

“साहेब, ज्याच्याकडे रेडिओ नाही, त्याला वळणावर कळणार कसं?”

“तेच तर आपल्याला बघायचंय, अन्वरभाई,” राजन म्हणाला.

शास्त्र म्हणून हे उत्तर निर्दोष होते. अन्वरने मान डोलावली, सुजीतच्या गाडीतून रेडिओ काढायला स्वतःच पाना घेतला आणि पुढे तीन महिने एक अक्षरही बोलला नाही. सुजीत साताऱ्याचा, त्याची गाडी अकरा नंबरची, अन्वरची बारा. राजनला ते मौन सहकार्याचे लक्षण वाटले.

तीन महिने संपले. रेडिओवाल्या गाड्यांचे अपघात शून्य. बिनरेडिओच्या गाड्यांचे अपघात शून्य. राजनने ती दोन शून्ये शेजारी-शेजारी मांडली आणि त्यांच्याकडे एखाद्या भाविकाने समईच्या दोन ज्योतींकडे पाहावे तसे पाहिले. निष्कर्ष स्वच्छ होता. रेडिओ असला काय आणि नसला काय, फरक नाही; सबब उरलेले पंधराही काढावेत. अहवाल चव्वेचाळीस पानांचा झाला. त्यातली बेचाळीस पाने या दोन शून्यांच्या सन्मानार्थ होती.

सोमवारी सादरीकरण होते. शनिवारी सकाळी राजनने पोह्यांच्या बशा बाजूला सारून घरच्यांना त्याचे प्रात्यक्षिक दाखवले. गाड्यांमधल्या उपग्रहयंत्रांनी टिपलेल्या नोंदींवरून त्याने एक चलचित्र करवून घेतले होते. नकाशावरच्या घाटातून रंगीत ठिपके खालीवर जात होते. रेडिओवाले हिरवे, बिनरेडिओचे लाल. पाहताच मन प्रसन्न व्हावे असे ते दृश्य होते.

शुभ्राने चमचा तोंडातून काढला. “बाबा, व्हाय आर दे ऑल होल्डिंग हँड्स?”

राजन हसला, मग वाकून पाहू लागला, मग हसायचा थांबला. प्रत्येक लाल ठिपक्याच्या पुढे एक हिरवा ठिपका होता. हिरवा वळणाअलीकडे थबकला की लालही थबके. हिरवा निघाला की लालही निघे. त्याने दुसरा दिवस लावला, तिसरा लावला, मध्येच एक महिना ओलांडून पाहिले. अकरा नेहमी बाराच्या मागे, तेरा नेहमी चौदाच्या मागे. तीन महिन्यांत एकही लाल ठिपका घाटात एकटा सापडला नाही.

“मग तुझा प्रयोग झालाच नाही की रे,” विभावरी म्हणाली आणि पोहे पुन्हा गरम करायला घेऊन गेली.

रविवारी दुपारी राजन अल कुसैसच्या आवारात गेला. अवजड वाहनांना शहरात मनाई असलेल्या वेळेत गाड्या तिथे सावलीला उभ्या असत. अन्वर चाकाला टेकून कागदी पेल्यातून चहा पीत बसला होता. राजनने प्रथम त्याला प्रयोग म्हणजे काय ते समजावले, मग बाकी परिस्थिती समान ठेवण्याचे महत्त्व सांगितले, मग तीन महिन्यांच्या परिश्रमांवर पाणी पडल्याचे दुःख बोलून दाखवले. अन्वरने सर्व आदराने ऐकले. चहा संपवून तो म्हणाला,

“राजनसाहेब, तुम्ही म्हणालात, पंधरांना रेडिओ, पंधरांना नाही. तसंच केलं. एकाने तरी लपवून लावला का? विचारा.”

“पण तुम्ही त्यांना मागे घेऊन उतरत होता.”

“मग काय पुढे सोडायचं होतं?”

“अन्वरभाई, अहो, तुम्हालाच रेडिओ हवाय ना? लोकांना सांभाळून घेतलंत म्हणून तर आकडा शून्य आला. उद्या तुमचाही रेडिओ काढायला निघालेत. तुम्ही तुमच्या हातानं तुमचंच नुकसान केलंत, हे कळतंय का?”

अन्वरने पेला चुरगळला.

“कळतंय की. पहिल्या दिवशीच कळलं होतं. रेडिओचा फायदा तुमच्या कागदावर दिसायचा तर बिनरेडिओची एखादी गाडी दरीत जायला हवी होती. एक तरी. मग तुम्ही लिहिलं असतंत, रेडिओ चांगला. तर तसं नाव द्यायचं होतंत साहेब. सुजीत? तेरा नंबरचा यहया? कोण चाललं असतं तुम्हाला? नाव परिपत्रकात नव्हतं, म्हणून आम्ही कोणालाच पाठवलं नाही.”

हे तो चिडून बोलला नाही. पेला कचऱ्यात टाकून तो टायरांची हवा पाहायला निघून गेला.

सोमवारी राजनने चव्वेचाळीस पानांचा अहवाल पिशवीतून काढलाच नाही. त्याने विजयकुमारांना खरे काय ते सांगितले: प्रयोग फसला आहे; बिनरेडिओच्या गाड्या वाचल्या त्या पुढच्या गाडीतल्या रेडिओमुळे; तेव्हा रेडिओ निरुपयोगी ठरत नाही, उलट तीसही गाड्यांना तो परत द्यावा. हे सांगताना सुरक्षाप्रमुखपद आपल्यापासून दूर दूर जाताना त्याला स्पष्ट दिसत होते. तरीही तो बोलला, हे त्याच्या नावे नोंदवून ठेवले पाहिजे.

विजयकुमारांनी डोळे मिटून ऐकले आणि उघडले तेव्हा त्यांत ज्ञानप्राप्तीचे तेज होते.

“राजन, यू आर अ जीनियस,” ते म्हणाले. “म्हणजे पंधरा रेडिओंत तीस गाड्या चालतात. तीस कशाला हवेत? खलास.”

सत्याची अशी गती होते. ते सांगणे आपल्या हाती असते. ऐकणाऱ्याच्या कानात शिरल्यावर त्याचे काय होईल, हे सांगायला ऋषीही धजावले नाहीत. तीन महिने चालकांनी स्वतःच्या बुद्धीने, कुणी न सांगता, जे केले होते, त्याचा आता नियम झाला. त्याचे परिपत्रक लिहिण्याचे काम अर्थातच राजनकडे आले. त्याने लिहिले: ‘रेडिओरहित वाहन कोणत्याही परिस्थितीत आपल्या नेमून दिलेल्या रेडिओयुक्त वाहनाशिवाय जागेवरून हलणार नाही.’ यातले ‘कोणत्याही परिस्थितीत’ हे शब्द त्याने हेतूने घातले की सवयीने, हे त्याचे त्यालाही नीट सांगता आले नसते. विजयकुमारांना ते शब्द विशेष आवडले.

चालकांनी परिपत्रक शिरोधार्य मानले. पूर्वी यहयाची जोडीची गाडी अडकली, तर दुसरा कुणी त्याला मागे घेऊन उतरत असे. आता दुसरा कुणी म्हणजे नेमून दिलेला नव्हे. त्याच्या जोडीदाराचे, तहाचे, चाक बसले, तेव्हा यहयाची भरलेली गाडी क्रशरपाशी अडीच तास अदबीने उभी राहिली. अन्वर दुपारच्या नमाजाला थांबे, मग चहाला थांबे आणि सुजीत त्याच्या मागे झोपून नियमपालन करी. एक रेडिओवाला तापाने आजारी पडला, तर त्याचा जोडीदार धडधाकट असूनही चार दिवस आवारात बसून राहिला. कार्यालयातून फोन आला की प्रत्येक जण नम्रपणे परिपत्रकाचा क्रमांक आणि दिनांक सांगे. पर्यवेक्षक ‘यल्ला, यल्ला’, चला, चला, करीत आवारभर धावे आणि चालक त्याच्याकडे सहानुभूतीने पाहत, कारण तोही बिचारा नियमाबाहेर जाऊ शकत नव्हता. दिवसाच्या एकशेवीस फेऱ्या शहात्तरवर आल्या. बंदरावर दगडाची वाट पाहणारे जहाज विजयकुमारांना ‘दगड कुठे?’ असे विचारू लागले.

बाराव्या दिवशी पंधरा रेडिओ परत आले. नवे परिपत्रक निघाले. त्यात सुरक्षेचा उल्लेख नव्हता. रेडिओ हे ‘उत्पादकता वाढवणारे साधन’ असल्याचा शोध व्यवस्थापनाने स्वतःच्या दूरदृष्टीने लावला होता. त्या शोधाबद्दल राजनला सुरक्षाप्रमुखपद मिळाले. माणसाचा जीव वाचतो हे पटवायला तीन महिने आणि चव्वेचाळीस पाने पुरली नव्हती. दगड उशिरा पोहोचतो हे बारा दिवसांत पटले. दगडाची बाजू मुळातच वजनदार.

नव्या पदावरचा पहिला दिवस राजनने डोंगरात घालवायचे ठरवले. अन्वरने त्याला बारा नंबरच्या गाडीत शेजारी बसवले. मागे साठ टन दगड, पुढे उतार. रेडिओवर कुणीतरी पापलेट आणि सुरमई यांची तुलना करीत होते आणि राजनच्या लक्षात आले की त्या बडबडीत दर दोन-तीन वाक्यांनी कोण कुठे पोहोचला तेही येऊन जाते, आणि जो फार वेळ बोलत नाही त्याला कुणीतरी नावाने हाक मारून जागा करतो.

“परिपत्रकात शब्द चांगले घातले होतेत साहेब,” अन्वर रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला. “कोणत्याही परिस्थितीत.”

“ते… सवयीनं.”

“असेल. सवय चांगली आहे.”

कडा दिसू लागला, तसे मासे एकाएकी थांबले. अन्वरने माइक काढून राजनच्या हाती दिला. बटण दाबा आणि बोला, म्हणाला. तुम्ही आमचे प्रमुख, आज तुम्हीच सांगा. राजनने घसा साफ केला. हाताला घाम आला होता, पण तापमान पाहायला फुरसत नव्हती. त्याने बटण दाबले.

“सर्व संबंधित चालकांना याद्वारे सूचित करण्यात येते की, वाहन क्रमांक बारा हे…”

श्वास घ्यायला त्याने बटण सोडले आणि खालून सुजीतचा आवाज आला.

“साहेब, मी खाली थांबलोय. वाक्य होऊ द्या सावकाश. अन्वरभाई, तोवर तुम्ही ब्रेक सांभाळा.”