तळाखालची रेघ

समुद्रात मोठा आवाज सोडायचा, तळाखालून परत आलेला प्रतिध्वनी नोंदवायचा आणि त्या नोंदीच्या चित्रात रेघा ओढायच्या, हे तिचं अकरा वर्षांचं काम. वरची रेघ समुद्रतळाची. तिच्याखाली, तळाच्या चढउतारांचं बोट धरून चालल्यासारखी दुसरी. तिच्या वरच्या बाजूला गॅस बर्फात गोठलेला, खालच्या बाजूला मोकळा. कुठं किती गॅस असेल याचा अंदाज या दुसऱ्या रेघेवरून बांधायचा आणि छिद्र पाडणाऱ्या जहाजाला जागाही तीच बघून द्यायची. या खेपेला त्या जहाजावर तिचा धाकटा भाऊ होता, म्हणून तिनं प्रत्येक रेघ जिवापाड जपून ओढली होती.

जहाज जागेवर पोचलं त्या दुपारी तिनं चित्र उगीचच उघडलं, आणि तिला आपलीच रेघ चुकलेली दिसली. जिच्यावरून दुसरी रेघ ओढायची ती चित्रातली काळी पट्टी जहाजाच्या बरोबर खाली बोटभर वर आली होती. नोंद तर सहा महिन्यांपूर्वीची. ती कशी हलेल?

शंका आली की दुसऱ्यानं, पहिल्याची रेघ न बघता, आपली ओढायची असा तिथला नियम. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी, ज्यांना सगळं ऑफिस वहिनी म्हणे, रेघ ओढली. ती बोटभर वरच आली.

"अगं, मग तुझीच आधीची चुकली," वहिनी म्हणाल्या. "भावाच्या काळजीनं डोळे भरले असतील, त्यातच समुद्र दिसला तुला!"

"तेव्हाही ताडून बघायला तुम्ही ओढली होती, वहिनी."

वहिनींनी स्वतःची जुनी रेघ काढून बघितली. ती खालीच होती. त्यांनी चष्मा पुसला आणि दोन्ही रेघा पुन्हा ताडून बघितल्या.

संध्याकाळपर्यंत पट्टी आणखी चढली, तेव्हा ती साहेबांकडे गेली. "मोकळा गॅस फार वर आहे. तिथं छिद्र नको, गॅस उसळला तर जहाज गिळेल."

"जहाज रिकामं फिरवलं तर वरचे मला सोलून काढतील," साहेब कुरकुरले. पण दोघींच्या रेघा समोर होत्या. जागा वीस मैल दक्षिणेला सरकली.

सकाळी भावाचा फोन आला. "ताई, तुझ्यापायी सगळं जहाज माझ्यावर डाफरतंय. कामाला आलो आणि सहलीला निघालो!"

"डाफरू देत. कुठवर आलात?"

"पहाटे निघालो, अर्ध्या वाटेवर. पाणी बघ कसं, पुसलेल्या फरशीसारखं."

बोलता बोलता तिनं चित्र उघडलं. जुन्या जागी पट्टी खाली उतरून तिनं सहा महिन्यांपूर्वी ओढलेल्या रेघेवर मुकाट्यानं बसली होती. नव्या जागीही सपाट. तिचा जीव भांड्यात पडला. मग एका जागेकडून दुसरीकडे ती चित्र हळूहळू सरकवत गेली, आणि मधेच तिचा हात थांबला.

"ताई? गप्प का झालीस?"

"आत्ता नेमके कुठं आहात? आकडे वाच."

तो वाचू लागला. तिनं पडद्यावरचा बाण त्या आकड्यांवर नेला. पट्टीचा उंचवटा तिथंच होता, समुद्रतळाच्या जेमतेम केसभर खाली; आणि भाऊ पुढचे आकडे वाचत गेला, तसतसा उंचवटाही पुढं सरकत गेला.