लशीचा ताप आणि सावडीचा दिवस

एउसेबियोला उठवेना. काल शाळेच्या अंगणात नर्सबाईनं दंडात लशीची सुई खुपसली, तेव्हा यानंच सगळ्या वायलापाता गावाला ऐकवलं होतं, "पिसू चावल्यागत बी न्हाई." आज तोच गडी दोन घोंगड्यांखाली कुडकुडत पडला होता, आणि खाटेखाली पाळलेले गिनीपिग खुशाल धावत होते.

नेमका आज सावडीचा दिवस. गेल्या आठवड्यात शेजारच्या हिलारिओनं याच्या रानात दिवसभर बटाटे काढले होते. आज यानं त्याच्या रानात राबायचं. जो सावड चुकवतो, त्याच्या बांधावर या डोंगरात पुन्हा कुणी कुदळ घेऊन येत नाही. तापापेक्षा एउसेबियोला ही धास्ती जास्त होती.

रानावरचं हिव वितळायच्या आत हिलारिओ दारात हजर.

"बरा आला रं ताप, ऐन सावडीला."

"लशीचा हाय गड्या. हाडं न् हाडं ठणकत्यात."

"मला बी टोचली की काल. मी हाय का आडवा?"

"तुझं कातडं त्या लोकरीच्या लामागत जाड. सुई आत गेलीच नसंल."

"येतोस, का सावड चुकवली म्हून सांगू समद्यांस्नी?"

एउसेबियो उठला, चपला शोधायला वाकला आणि तसाच भुईवर बसला. घर गरगर फिरत होतं. त्याला रडूच यायचं बाकी होतं.

चुलीपाशी सूप ढवळणाऱ्या निकासियानं, त्याच्या बायकोनं, कोपऱ्यातली कुदळ उचलली. "चला भावजी. यांच्या बदली मी येते."

दिवसभर तो कण्हत पडला. ऊन कलताना ताप उतरला. तेवढ्यात निकासिया आली, मातीनं माखलेली. मागं हिलारिओ, भाजलेल्या बटाट्यांचं गाठोडं घेऊन.

"फिटली तुझी सावड. तुझ्यापरीस दोन सऱ्या जास्तच काढल्या वैनींनी."

एउसेबियोचा जीव भांड्यात पडला.

"भावजींची फिटली," निकासिया म्हणाली. "माझी ऱ्हायली. परवा माझ्या आयच्या रानात यायचं, दिवसभर."

"नवराबायकूत कसली आलीया सावड?"

"काल रांगेत तुमच्याच मागं हुते मी, इसरलात?" तिनं शाल सारून दंड दाखवला. तो सुजून लाल झाला होता. "सकाळधरनं मला बी ताप हाय."

हिलारिओ गाठोडं ठेवून गुपचूप निघून गेला. एउसेबियोनं तिच्या हातातली कुदळ काढून घेतली, तिला खाटेवर निजवलं आणि दोन्ही घोंगड्या अंगावर घातल्या. मग चुलीपुढं बसून त्यानं जन्मात पहिल्यांदा सुपाचं भांडं चढवलं. त्याला स्वतःची लाज वाटत होती.

"मीठ कुठं ठिवतीस गं?"

"हुडका," घोंगडीखालून आवाज आला. "आन् ह्ये परवाच्या सावडीत धरायचं न्हाई."