थोरल्या जाऊबाईंचा फोटो

तिनं थोरल्या जाऊबाईंचा गाल स्क्रीनभर मोठा केला आणि हातातला पेन तसाच धरून राहिली.

वीस वर्षं ती या स्टुडिओत फोटो दुरुस्त करत होती. चेहरे घासूनपुसून बाहुल्या बनवणाऱ्यांतली ती नव्हती. तिचा नियम साधा होता : पंधरा दिवसांत जाणारं पुसायचं, जन्मभराचं ठेवायचं. पुटकुळी गेली पाहिजे, तीळ राहिला पाहिजे, त्वचेची छिद्रं दिसली पाहिजेत. केसांच्या उडणाऱ्या बटा थोड्या आवरायच्या, साऱ्या नाही. नाहीतर डोक्यावर पातेलं पालथं घातल्यासारखं दिसतं.

जाऊबाईंचं ब्युटी पार्लर होतं. आता दुसरी शाखा निघत होती आणि तिच्या दर्शनी काचेवर पुरुषभर उंचीचा त्यांचाच फोटो लागणार होता.

"नैसर्गिक हवंय बाईंना," फोटोग्राफर म्हणाला होता. "तुमच्या घरच्याच ना? मग बघायलाच नको."

घरच्या! चांगल्याच घरच्या. दोन वर्षांपूर्वी तिची मुलगी त्याच पार्लरच्या काउंटरवर बसायची. मानेवरचं कोड हनुवटीवर आलं आणि एका दुपारी चार गिऱ्हाइकांदेखत जाऊबाई म्हणाल्या, "तू आत बस गं. बायका बिचकतात. तुझ्या भल्यासाठीच सांगते." पोरगी महिनाभर आत टॉवेल धूत बसली. मग तेही नको झालं. त्या दिवशी घरी येऊन ती जेवली, भांडी घासली, पण रडली नाही. तिचं ते न रडणं आई अजून विसरली नव्हती.

आणि आता हे. कानाजवळ, केस सुरू होतात तिथं, मेकअपचा थर जरा जाडच होता. रंग बरोबर, पण त्वचेला जीव नाही, छिद्रं बुजलेली. त्यावरचे केस रंगवलेले, तरी तेवढ्याच पट्ट्यात मुळाशी पांढरे. तिनं फोल्डरमधला पहिला फोटो उघडला. तो मेकअपच्या आधी, नुसता प्रकाश तपासायला काढलेला होता.

डाग होता. बटणाएवढा, पांढराफटक. मुलीच्या मानेवर पहिला आला होता, अगदी तसा.

"अगं बाई!" ती स्वतःशीच म्हणाली. मग हसली. हसून तिला फार बरं वाटलं.

एवढी वर्षं नाकानं कांदे सोलत होती बया, आणि देवानं बरोबर जागा हेरली! तिनं खुर्ची पुढं ओढली. पहिल्या फोटोतली त्वचा अलगद उचलून दुसऱ्यावर बसवली. कडा जुळवल्या, सावली जुळवली, केसांची पांढरी मुळं एकेक करून मोकळी केली. एवढ्या निगुतीनं तिनं स्वतःच्या लग्नाचा फोटोसुद्धा केला नव्हता. बाई मोठा करून बघणार नव्हत्या. स्वतःचा चेहरा जवळून बघायची त्यांना कधीच हौस नव्हती, आणि का नव्हती ते आता कळलं होतं. फोटो तासाभरात छापायला गेला की काचेवर लागल्यावरच त्यांना दिसणार. कुणी विचारलंच तर उत्तर तयार होतं. नैसर्गिक मागितलंत, नैसर्गिक दिलं.

दार ढकलून मुलगी आत आली.

"आई, माझे फोटो झाले का? आज बाराला मुलाखत आहे. डोळ्यांच्या दवाखान्यात, रिसेप्शनला."

"पाकिटात आहेत. ते राहू दे, आधी इकडं ये. गंमत बघ."

मुलगी तिच्या खांद्यावरून वाकली. बराच वेळ बघत राहिली.

"मोठ्या काकूला? तिलाही?"

"तिलाही! करावं तसं भरावं. आता बसू दे स्वतःच आत टॉवेल धूत."

"छान जमलंय," मुलगी म्हणाली. "खरं दिसतंय."

"मग! हाताला काय गंज चढलाय माझ्या?"

"आणि हे बघून लोकांनी काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे? नाकं मुरडतील. मुरडू देत की."

"माझ्यासारखा डाग बघून."

"तुझं वेगळं आहे गं."

मुलीनं टेबलावरचं पाकीट घेतलं, आतले चार फोटो काढले. हनुवटी स्वच्छ, मान स्वच्छ.

"मागच्या मुलाखतीत त्या बाईनं फोटो बघितला, मग मला बघितलं, मग परत फोटो. म्हणाली, हा तुमचाच ना? मी हो म्हटलं आणि तिथंच खोटी पडले. घरी येऊन तुला सांगितलं नाही."

"मी तुझ्या भल्यासाठीच..."

"काकूही हेच म्हणाली होती."

आईनं फोटो परत घ्यायला हात पुढं केला.

"न पुसलेला दे," मुलगी म्हणाली. "मूळ असेल ना?"

गिऱ्हाइकाचा मूळ फोटो वर्षभर जपायचा, हा तिचा दंडक. कुणाचा कधी उडवला नव्हता. मुलीचा मात्र ती त्याच दिवशी उडवायची, चुकून कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून. पहिला डाग आला तेव्हापासून, दर खेपेला.

"नाहीये," ती म्हणाली.

मुलीनं चारी फोटो पाकिटात घातले आणि पाकीट कीबोर्डवर ठेवलं. आवाज चढवला नाही.

"काकूनं मला आत बसवलं, आई. तू तर मला ठेवलंच नाहीस."

"बस त्या स्टुलावर. पाच मिनिटांत नवा काढते. हात लावणार नाही, शप्पथ."

"उशीर होतोय मला. बघतील तेव्हा बघतील." दारापाशी ती वळली. "काकूचं काय करायचं ते तू कर. मला विचारू नकोस."

ती गेली. आतल्या खोलीतून फोटोग्राफरनं हाक दिली, "बाईंचा फोटो झाला का? छापायला पाठवायचाय!"

"नाही," ती म्हणाली.

तिनं जाऊबाईंचा चेहरा तसाच बाजूला सारला. मग कॉम्प्युटरमधली जुनी फोल्डरं उघडायला घेतली, एकामागून एक. वाढदिवस, शाळेचं ओळखपत्र, कुणाकुणाची लग्नं. कुठंतरी, कुणाच्या तरी मागं, पोरगी डागासकट, जशी होती तशी एखाद्या फोटोत राहून गेली असेल, म्हणून ती शोधत बसली.