ओळखीचा दाणा

या, असे जवळ सरकून बसा. एक गोष्ट सांगतो. लांबून ऐकायची ही गोष्ट नाही, कारण हिला वास आहे. जेवून आला असाल तर उत्तम, जेवायचे असाल तर तुमचं तुम्ही बघा. देवाने नाक दिलंय ते सुगंधासाठीच, असं आपण समजून चालतो. माझ्या दादाचं नाक तीस वर्षं दुसऱ्याच कामाला जुंपलेलं होतं.

दादा गटारं साफ करायचा. तुंबलेल्या मोऱ्या, भरलेल्या संडासाच्या टाक्या, रस्त्याखालच्या नळ्या. स्वतःची व्हॅन होती, तिच्यात लोखंडी सळया, रबरी नळी, बादल्या. घरी आला की वहिनी दार अर्धंच उघडायची. कपडे बाहेरच्या नळाखाली, बूट पायरीच्या खाली, टॉवेल वेगळा, साबण वेगळा, जेवायची खुर्चीसुद्धा वेगळी. मग तो ज्या वाटेने मोरीत गेला ती वाट ती फिनेलने पुसून काढायची. गल्लीत तिला फिनेलवहिनी म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि त्यात काही वावगं आहे असं तिला वाटत नव्हतं.

कुणी विचारलंच की तुमचे हे काय करतात, तर ती सांगायची, “पाण्याच्या खात्यात आहेत.”

दादा हसायचा. “खोटं नाही बोलत ती,” म्हणायचा. “पाणीच आहे. फक्त वापरलेलं.”

तर एकदा दादाची पाठ गेली. मणक्यात नस दबली आणि उजवं पाऊल बधिर झालं. टाचणी टोचली तरी कळेना. ऑपरेशन करणारे डॉक्टर बाहेरगावाहून महिन्यातून एकच दिवस यायचे. साडेदहाच्या आत दाखल झालो तर त्याच दिवशी, नाहीतर पुढच्या महिन्यात. आणि तोवर पाऊल कायमचं जाईल, हे त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. दादाला बसवत नव्हतं. रुग्णवाहिका म्हणाली, दोन तासांनी. शेवटी चार शेजाऱ्यांनी त्याला गादीसकट उचललं आणि त्याच्याच व्हॅनमध्ये, सळयांच्या शेजारी, आडवं घातलं. मी चालवायला बसलो. वहिनी शेजारी, नाकाला रुमाल लावून.

वाटेत पेट्रोल भरायला थांबलो आणि तिथेच गाडं अडलं. इंजिन बंद केलं होतं. पुन्हा किल्ली फिरवायला गेलो तर किल्लीचं पातं हलणाऱ्या दातासारखं खळकन निखळलं. पातं कुलपात आणि रिमोट माझ्या हातात.

तो रिमोट वहिनीने कधी उघड्या हाताने धरला नव्हता, आणि आता कळलं का ते. तीन कळा, त्यावरचं रबर चिरलेलं, चिरांमध्ये काळा चिकट मळ. ओल्या हातमोज्यांनी दाबून दाबून सगळ्या गटारांचं सार त्यात साठलं होतं. मी तो विजारीला पुसला आणि लगेच पस्तावलो.

पंपासमोरच किल्लीवाल्याचं दुकान होतं. पंपावरच्या चौघांनी ढकलत व्हॅन त्याच्या दारात नेली.

किल्लीवाला सावकाश माणूस. कपाळावर भिंगाचा चश्मा, बोटांना पितळेचा कीस. त्याने आधी बाकावर पांढरा रुमाल अंथरला. “माझी एक पद्धत आहे,” म्हणाला. “आतून जे जे निघेल ते या रुमालावर. गाडी सुरू होईपर्यंत रुमालावरच्या वस्तूला कुणी हात लावायचा नाही.”

“लावतंय कोण,” वहिनी म्हणाली.

पिनेने त्याने रिमोटचं खोकं उकललं आणि मान मागे घेतली. तुंबलेल्या मोरीचा सगळा वास त्या अंगठ्याएवढ्या डबीतून बाहेर आला. “ताई, साहेब काय काम करतात?”

“पाण्याच्या खात्यात आहेत.”

व्हॅनमधून दादाचा खोकला ऐकू आला. मुद्दाम काढलेला.

किल्लीवाल्याने आतली पट्टी पुसून नव्या खोक्यात बसवली, कुलपात अडकलेलं पातं काढून त्याला बसवलं, आणि नवा सेल आणायला आत गेला. रुमालावर जुन्या खोक्याची दोन शकलं उरली. त्यातल्या एकातून तपकिरी थेंब निघाला आणि पांढऱ्या कापडावर हळूहळू पसरू लागला. वहिनी त्याच्याकडे बघत होती, जसं कुणी भिंतीवरच्या पालीकडे बघतं. मग तिने वर्तमानपत्राचा तुकडा फाडला, त्यात ती शकलं चिमटीने उचलली, आणि बाहेरच्या निळ्या पिंपात टाकून आली. मी पाहिलं. अडवलं नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

किल्लीवाल्याने सेल घातला, खोकं मिटलं, आणि तो रुमालाकडे वळायच्या आत मी किल्ली हिसकावून पळालो. दहाला दहा मिनिटं होती. कळ दाबली, दारं खटकली, दिवे लुकलुकले. किल्ली फिरवली, इंजिन घरघरलं आणि मेलं. पुन्हा घरघरलं, पुन्हा मेलं.

“गाडीची कळ लागेना आणि माझी कळ थांबेना,” दादा मागून म्हणाला.

वहिनी किल्लीवाल्यावर घसरली. “नुसतं पातं निखळलं होतं. तुम्ही सगळीच बिघडवून ठेवलीत.”

त्याने खिडकीतून आत डोकं घातलं. वेग दाखवणाऱ्या काट्याच्या खाली किल्लीचं लाल चित्र उघडझाप करत होतं. “बिघडली नाही, ताई. ओळख पटत नाहीये. रिमोट नुसतं दार उघडतो. गाडीला मालक पटवायचं काम वेगळ्या दाण्याचं. काळा, तांदळाच्या दोन दाण्यांएवढा. या गाडीत तो जुन्या खोक्याच्या खाचेत असतो, तो मी शेवटी काढतो. खोकं कुठंय?”

वहिनीने पदर सारखा केला.

“रुमालावरचं खोकं, ताई.”

“टाकलं.”

“कुठं?”

तिने हनुवटीनेच पिंप दाखवलं. त्याच क्षणी शेजारच्या न्हाव्याने आपली बादली त्यात पालथी केली. साबणाचं पाणी, फेस आणि सकाळपासूनचे केस.

मी विचारलं, नवा दाणा नाही का मिळणार. मिळतो, तो म्हणाला, पण गाडीला नवी ओळख शिकवायचं यंत्र दुसऱ्याकडून आणावं लागेल. संध्याकाळ होईल.

ते पिंप तिघांचं होतं: न्हावी, चहावाला आणि मासळीवाला. मी बाही वर करून वाकलो. खाली चहाचा भिजलेला चोथा, त्यात माशांची आतडी, निळसर, फुगलेली, त्यांना चिकटलेले केस, आणि सगळ्यावर तो गोड वासाचा फेस. फेसाचा वासच सगळ्यात वाईट होता. मी कसाबसा व्हॅनच्या चाकापर्यंत पोचलो आणि भडभडून ओकलो.

“हा लहानपणापासून असाच,” दादा खिडकीतून म्हणाला. “साय दिसली तरी उलटी. अगं, त्याचा काही उपयोग नाही. तू जा.”

“मला नाही जमायचं.”

“जमेल.”

“अहो, मला बघवतसुद्धा नाही.”

“बघायचंच नाहीये. मी कधी बघून काम केलंय का? खाली अंधारच असतो.” मग तो म्हणाला, “पाय असता तर मीच उतरलो असतो.”

वहिनीने घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. पदर खोचला. पिंपाशी जाऊन तिने डोळे मिटले आणि हात घातला, आधी मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत. तिच्या घशातून एक आवाज आला, तो मला आजही आठवतो.

“तोंड मिटून ठेव,” दादा म्हणाला. “लग्नापासून पहिल्यांदाच हे कामासाठी सांगतोय. कडेकडेने जा. ढवळू नको, ढवळलं की हलकं वर येतं आणि जड हरवतं.”

खोक्याचं एक शकल लागलं. मग दुसरं. किल्लीवाल्याने ते पुसून भिंगाखाली धरलं. खाच रिकामी होती.

“तळाला गेला असणार,” दादा म्हणाला. “मूठ मिटूनच खाली ने. तळ लागला की हळू उघड. डोळ्यांना घाण दिसते, बोटांना नुसती वस्तू लागते. काय लागतंय?”

“मऊ.”

“मऊ ते आपलं नाही. सोड.”

“टणक आहे काहीतरी. गोल.” तिने चिमूट वर काढली आणि डोळे उघडले. माशाचा डोळा होता. तो तिच्याकडे बघत होता.

“गोल ते घरंगळतं,” दादाचा आवाज शांत होता. “आपल्याला कोपरा हवाय. बोटाच्या पेराला टोचेल. जा परत.”

ती परत गेली. गाल पिंपाच्या काठाला टेकला होता, कानाला फेस लागला होता. न्हावी वस्तरा हातात धरून दारात उभा राहिला. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “कोपरा.”

चोथ्याने माखलेल्या तळव्यावर तो काळा दाणा होता. किल्लीवाल्याने स्पिरिटमध्ये बुडवला, पुसला, नव्या खोक्याच्या खाचेत बसवला. लाल चित्र विझलं आणि इंजिन चालू राहिलं.

उरलेल्या वाटेवर वहिनीने नाकाला रुमाल लावला नाही. दोन्ही हात पुढे, गुडघ्यांवर, उताणे ठेवले होते, जणू दुसऱ्या कुणाचे सांभाळायला दिलेत. मनगटावर खवले वाळत होते. गाडीत श्वास घेणं अवघड होतं आणि या वेळी वास दादाचा नव्हता.

दहा सत्तावीसला आम्ही दवाखान्यात पोचलो. खिडकीतली कारकून बाई खुर्चीसकट मागे सरकली. मी फॉर्म भरायला घेतला. रुग्णाचा व्यवसाय. सवयीने मी लिहिलं, पाण्याचं खातं. वहिनीने माझ्या हातातून पेन घेतलं, त्या ओळीवर काट मारली आणि मोठ्याने म्हणाली, “गटारं साफ करतात.” मग तेच लिहिलं. कागदाला एक खवला चिकटला. बाईने तो पट्टीने उडवला.

दादाला ढकलगाडीवर घेतलं होतं. त्याने तिचा हात नाकाशी ओढला. “मासळी, चहा आणि दाढीचा साबण. याला घाण म्हणत नाहीत, अगं. हे नुसतं पिंप आहे.”

“मला अजून किळस येतेय,” ती म्हणाली. “आतून. कातडी सोलून टाकावीशी वाटतेय.”

“येणारच. मला रोज येते.”

“तुम्हाला?”

“रोज सकाळी. पहिलं झाकण उचलताना.”

तिने त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत हे तिने कधी विचारलंच नव्हतं. मीही नव्हतं विचारलं. आम्ही धरून चाललो होतो की त्याला सवय झाली असणार. त्याचा वास आम्हाला यायचा, तसा त्यालाही यायचा, आणि तरी तो उतरायचा, एवढी साधी गोष्ट आम्हाला घरात बसून कळली नव्हती. मला त्या पिंपाची आली नव्हती तेवढी किळस त्या घटकेला माझी आली.

दादा गाडीवरून आत गेला आणि काठी टेकत का होईना, स्वतःच्या पायांनी घरी आला. त्यानंतर सहा वर्षं जगला. टॉवेल तेव्हापासून एकच होता. फिनेल मात्र वहिनीने सोडलं नाही, दादाच आणून द्यायचा.

आता तो नाही. तर एवढंच मागणं आहे. आज घरी जाल, हात धुवाल, पाणी मोरीत फिरेल आणि गुडगुड करत निमूटपणे खाली जाईल. ते जातं ते आपोआप जात नाही. तेवढ्या वेळात एकदा माझ्या दादाची आठवण काढा.