येझदी सुरू झाली तर

“हे भंगार सुरू करून दाखव, मग खुशाल राहा लखनऊला. नाही झालं, तर मुकाट्याने आमच्याबरोबर भुसावळला यायचं आणि बारावीचा फॉर्म भरायचा.”

बाबा हे मोजे घालता घालता बोलले, माझ्याकडे न बघता. माझा तोवर भिंतीवर पाना फेकून झाला होता, पोपडाही पडला होता. मी म्हटलं, “पक्का? बाद में मुकरना मत.” आई म्हणाली, बापाशी असं बोलतात का. बाबा म्हणाले, बोलू दे, शाळा सोडून हेच तर शिकलाय.

बाबा रेल्वेत इंजिनियर आहेत. बदली आली की नवं गाव, मला नवी शाळा, नव्या शाळेत नवी मारामारी. इथं अकरावीत एक सर मला सगळ्यांसमोर ‘ए बाहरवाले’ म्हणाले. मी बॅग उचलली ती परत नेलीच नाही. तेव्हापासून आमच्याच वस्तीत, विकास नगरात, रिझवानभाईंच्या गॅरेजवर काम करतो. बदलीचं कळल्यावर ते म्हणाले, रुकना है तो ऊपर कमरा खाली पड़ा है. मला तेवढंच पाहिजे होतं.

भंगार म्हणजे बाबांची येझदी. लग्नाआधीची. प्रत्येक बदलीत ती गोणपाटात गुंडाळून पार्सलने यायची, बाबा तिला नवा रंग मारायचे आणि मागच्या अंगणात उभी करून ठेवायचे. चालवायचे कधीच नाहीत.

आधी टाकीचा रंग काढला. रिमूव्हर फासला की रंग सायीसारखा सुरकुततो, मग पत्र्याच्या पट्टीने खरवडायचा. काळ्याखाली हिरवा निघाला, तो प्रयागराजचा. त्याखाली निळा, झाशीचा. तो मारताना मी आणि अबोली, माझी ताई, दोन बाजूंनी पेपर धरून उभे होतो आणि बाबा शिट्टी वाजवत होते. बाबा शिट्टी वाजवतात हे मी विसरूनच गेलो होतो. निळा खरवडायला जरा वेळ लागला. अबोली आता पुण्यात नोकरीला आहे, फोन केला की मीटिंगमध्येच असते.

मग इंजिन. सिलिंडर लाटूश रोडच्या वर्कशॉपात नेऊन बोअर करून आणला, पिस्टन नवा, रिंगा नव्या, सील नवे. हात तेलाने इतके काळे झाले की आई मला पोळी वरून टाकायची, कुत्र्याला टाकतात तशी. हसायची पण.

मंगळवारी झाली सुरू.

घरी कुणी नव्हतं. आई सामान बांधायला पोती आणायला अमीनाबादला गेलेली, बाबा ऑफिसात. किक मारली, खाकरली, परत मारली आणि धडधडायला लागली. अंगणभर निळा धूर. शेजारच्या आंटीने खिडकी उघडली. म्हटलं, आता काहीतरी बोलेल. म्हणाली, भैया, बंद करो, कपड़े सूख रहे हैं. आणि खिडकी लावून घेतली.

अबोलीला फोन केला, तिने कापला. रिझवानभाई लग्नाला बाराबंकीला गेलेले. शाळेतल्या पोरांना व्हिडिओ टाकला, ती सगळी कोचिंगमध्ये. इंजिन चालू ठेवून बसून राहिलो. मग बंद केलं.

गॅरेजची चावी माझ्याकडेच होती. वरची खोली बघून आलो. एक खाट, खिडकीसमोर पत्रा आणि भिंतीत एक खिळा. एकच. मी शर्ट काढून त्यावर अडकवला. खाटेवर बसून त्याच्याकडे बघत राहिलो. खाली रस्त्यावर लोक येत-जात होते, वर कुणी आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. उठून शर्ट घातला आणि घरी आलो.

टायमिंग लावताना पॉइंटमध्ये सिगरेटच्या पाकिटातला पातळ कागद धरतात. तो आत राहिला तर ठिणगीच पडत नाही. मी मुद्दाम ठेवला आणि झाकण लावून टाकलं.

रविवारी बाबा अंगणात आले, बनियनवर. म्हणाले, दाखव. मी किक मारत राहिलो, घाम येईपर्यंत. येझदी गप्प. मी शिवी हासडली, ती मात्र खरी निघाली, का कोण जाणे. बाबा म्हणाले, थांब. स्क्रू ड्रायव्हर घेऊन खाली बसले आणि झाकण उघडलं.

कागद त्यांना दिसला. चष्मा वर करून त्यांनी आत पाहिलं, मग माझ्याकडे. मी खाली बघायला लागलो, त्यांच्या पायातल्या मोज्याला भोक होतं.

आईने दारातून विचारलं, होतेय का?

बाबांनी कागद होता तसाच राहू दिला. झाकण लावलं, स्क्रू एकेक करून घट्ट पिळले. “नाही गं,” ते म्हणाले, “हिलाही न्यावं लागेल भुसावळला.”

माझ्यावर ओरडले असते तरी चाललं असतं. मी म्हटलं, “बाबा.” ते म्हणाले, पाने डब्यात भर, नाहीतर ट्रकमध्ये खडखडतील. आणि हात धुवायला आत गेले.

पाने भरून झालेत. ट्रक आलाय, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारतोय. गाडी वर चढवायला बाबांना दुसरा माणूस लागणार, निघतो.