बुटाच्या खोक्याचं झाकण

माझी धाकटी नणंद ग्राफिक डिझायनर. औषधांच्या खोक्यांवरची अक्षरं तिच्या हातची. ह्यांनी तिला लहानपणीच नाव ठेवलं होतं, 'पंधरवडे'. कारण तिचा कुठलाच नाद पंधरा दिवसांवर टिकत नसे. एकदा ती गटारांच्या झाकणांवरचे आकडे कागदावर पेन्सिल घासून उतरवून घेत हिंडली. मग शर्टांच्या कॉलरमागच्या, कंपनीचं नाव विणलेल्या पट्ट्या. आमच्या कपाटातून दोन चांगल्या पट्ट्या तिने कापून नेल्या, तरी हे हूं की चूं बोलले नाहीत. बहीण म्हटली की ह्यांना सगळं माफ.

गेल्या वर्षी ह्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ लुळी पडली. समजत सगळं होतं. तीस वर्षं बसस्थानकावर माइकवरून गाड्यांच्या वेळा सांगणाऱ्या माणसाच्या तोंडून आता नुसती घरघर यायची.

हे घरी आले, त्याच्या तिसऱ्या दिवशी नणंद एक तक्ता घेऊन आली. त्यावर चोवीस शब्द होते: पाणी, उशी, पंखा, खिडकी, दुखतंय असे. टपोरी अक्षरं, डोळ्यांना त्रास नको म्हणून फिका पिवळा कागद. सुरेख होता, पण चोवीस शब्दांत माणसाचं भागतं कुठे? एका दुपारी हे 'खिडकी'वर बोट ठेवून बसले. मी खिडकी उघडली, लावली, पडदा ओढला. त्यांना भलतंच काही हवं होतं. शेवटी त्यांनी तक्ता पलंगाखाली ढकलून दिला.

मी नणंदेला कळवलं. मुळाक्षरांचा तक्ता आठवड्यात देते, म्हणाली.

तीन आठवडे गेले. फोन केला की ती अडचणी सांगायची. तयार अक्षरांत मात्रा फार चिकटतात, घ आणि ध लांबून सारखेच दिसतात, म्हणून सगळी अक्षरं तिने स्वतःच काढायला घेतली होती. मग ऑफिसचं काम आलं. मग कुठल्याशा दुकानात काड्यापेट्यांची जुनी लेबलं सापडली. तेही ती मला रंगात येऊन सांगत होती आणि मध्येच म्हणाली,

"मला तिकडे यायची भीती वाटते, वहिनी. दादाला तसं बघवत नाही. इथे अक्षरं काढत बसलं की वाटतं, त्याच्यासाठीच काहीतरी करतेय."

त्या दिवशी मी बुटाच्या खोक्याचं झाकण घेतलं आणि बॉलपेनने त्यावर मुळाक्षरं लिहून काढली. ओळी तिरक्या गेल्या, ख चा रव झाला. हे डाव्या हाताचं बोट ठेवत गेले, मी जुळवत गेले. पहिलं वाक्य निघालं, 'तुझं अक्षर भयंकर आहे.' मी खूप हसले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडले.

पाचव्या आठवड्यात नणंद तक्ता घेऊन आली. खरंच, इतकी देखणी अक्षरं मी पाहिली नव्हती. ह्यांनी एकेका ओळीवरून बोट फिरवलं, मान डोलावली आणि माझं झाकण मागितलं. बोटाला त्यातल्या जागा पाठ झाल्या होत्या. नणंदेचा चेहरा पडला. ह्यांनी सावकाश जुळवलं, मी वाचलं.

"काही आणू नकोस. नुसती ये."

तेव्हापासून ती ऑफिस सुटलं की रोज यायची. रस्त्यात काय पाहिलं ते सांगायची. कुणाच्या पाटीतलं एक अक्षर गळून कसा अर्थाचा अनर्थ झाला, असलं काहीबाही. हसताना ह्यांचे खांदे हलायचे. सगळे मिळून अठरा दिवस.

अठराव्या संध्याकाळी ह्यांनी 'आ'वर बोट ठेवलं आणि थकून डोळे मिटले. नणंद म्हणाली, "राहू दे दादा, उद्या सांग." ती घरी गेली. सकाळी हे उठलेच नाहीत.

आता ती रविवारी येते. दोघी त्या 'आ'पाशीच अडकतो. आवाज असेल का? आई? परवा मी तिला म्हटलं, एवढा विचार करू नकोस, 'आता घरी जा, उशीर झाला' इतकंच म्हणायचं असेल त्यांना.



"मग मी गेलेच ना, वहिनी," ती म्हणाली आणि पदर धरावा तसा तिने माझा हात घट्ट धरला.